पाणी कुठे मुरतं?

पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे माझ्याकडे मतं फारशी नाहीत. असतात ती उत्तरं. पण एक मत मात्र मी जपून ठेवलेलं आहे आणि ते चारचौघांत मांडायची आता वेळ आली आहे. मत असं, की जालन्यासारख्या गावात राहून न्हाणीघरात शॉवर बसवणं, हे दारात म्हैस नसताना चांदीची रवी करून घेण्यासारखं आहे.

हे मत मी प्रथम घरात मांडलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हाला सगळीकडे विरोधच करायचा असतो." आमची ही म्हणाली, "शॉवरला विरोध नाही हो तो, खर्चाला आहे." आई म्हणाली, "म्हैस घेतोयस का?" आईला हल्ली कमी ऐकू येतं. तिघांचाही आरोप थोडाथोडा खरा होता.

मुळापासून सांगतो. आमचं घर नव्या जालन्यात, वडिलांनी बांधलेलं. त्यातली मोरी ही जालना जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी. जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी; मोरी त्याआधी सात वर्षं आंघोळी घालत होती. शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंबाची जागा, भिंतीला गुडघ्यापर्यंत सिमेंटचा गिलावा आणि वर चुना. पुढे बंब गेला आणि गिझर आला, चुना गेला आणि डिस्टेंपर आला, पण फरशी तीच राहिली. इतक्या वर्षांच्या पायांनी आणि साबणाने ती अशी गुळगुळीत झाली होती, की तिच्यावर उभं राहून भांग पाडता आला असता. त्यातून तिचा उतार होता जाळीच्या बरोबर उलट्या दिशेला. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराजवळच्या कोपऱ्यात साठायचं. आम्ही त्याला "तळं" म्हणत असू. रोज आंघोळ झाली की खराट्याने तळं जाळीकडे हाकलायचं, हा घरातल्या सगळ्यांचा धर्म होता.

गेल्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीच्या पहाटे, आई त्या तळ्यात घसरली. वय ब्याऐंशी. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आजींचं मनगटावर निभावलं. खुबा असता तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते सोडलेलं वाक्य घेऊन मी घरी आलो आणि त्याच रात्री ठरवलं, मोरी करायची.

एकदा "मोरी करायची" असं ठरलं, की मध्यमवर्गीय घरात तिची मोरी राहत नाही. तिचं बाथरूम होतं. चिरंजिवांनी मोबाइलवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. त्यात काचेची खोली होती, छतातून पाऊस पडत होता, भिंतीत बाटल्यांचा कोनाडा होता, आणि साबण कुठेही नव्हता. पुण्याहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, आता करताच आहात तर एकदाच करा. रेन शॉवर घ्या." आमच्या हिने शेवटचं अस्त्र काढलं. "उद्या मुलीकडचे बघायला येतील. ते दिवाणखाना बघत नाहीत, बाथरूम बघतात."

ज्या आईच्या मनगटापायी हे सगळं निघालं होतं, तिचं नाव या चर्चेत दोन दिवसांत मागे पडलं. माझं भांडण नेमकं इथे आहे.

आता शॉवरचं गणित मांडतो. साधा शॉवर मिनिटाला दहाएक लिटर पाणी ओततो. दहा मिनिटं अंग भिजवलं की शंभर लिटर गेले. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी मापदंड आहे; म्हणजे शंभर लिटर डोक्यावरून गेल्यावर उरलेल्या पस्तिसात पिणं, स्वयंपाक, भांडी, कपडे आणि संडास. बादलीने आंघोळ केली तर वीस लिटर पुरे. आम्ही घरात चौघं. गच्चीवरची टाकी हजार लिटरची. शॉवरने नुसत्या आंघोळी केल्या तरी ती अडीच दिवसांत कोरडी. बादलीने केल्या तर साडेबारा दिवस. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. तो येतो तेव्हा गल्लीत लग्नघर असल्यासारखी धावपळ होते. तेव्हा अडीच आणि साडेबारा यांतला फरक आम्हाला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

आणि विसरायचं म्हटलं तरी किती विसरायचं? २०१२-१३ चा दुष्काळ काही पुराणातला नव्हे. याच जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या आणि पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी कुऱ्हाड लावून तोडली. आमच्या गल्लीत टँकर आला की निवृत्त मुख्याध्यापकसुद्धा हंडा घेऊन धावत. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आमच्या आजोबा-पणजोबांना पुरला; आता पैठणच्या नाथसागरातून पाइपाने पाणी येतं. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला काचेच्या खोलीत नेऊन दहा मिनिटांत गटारात सोडून द्यायचं, हे मला आतिथ्याला धरून वाटत नाही. "जालना, सोने का पालना" अशी म्हण आहे. पाळण्यातल्या बाळाला आंघोळ कशाने घालत, हे म्हणीत नाही. पण शॉवरने नक्कीच नव्हे.

"अहो, पण थोडा वेळ लावला तर?" आमची ही म्हणाली.

थोडा वेळसुद्धा तो लागत नाही, हीच तर गंमत आहे. शॉवरला दाब लागतो. टाकी दहा मीटर उंच असेल तर खाली एक किलोचा दाब मिळतो. आमच्या टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापासून जेमतेम सहा फूट वर. म्हणजे दाब पाव किलोसुद्धा नाही. त्या दाबाने रेन शॉवरमधून पाऊस पडत नाही, पागोळ्या गळतात. मग त्याला प्रेशर पंप हवा, पंपाला वीज हवी, आणि वीज गेली की अंगाला साबण लावलेल्या माणसाने अंधारात देवाचं नाव घ्यायचं.

माझं हे भाषण शांतपणे ऐकून घेण्यात आलं आणि तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवण्यात आली.

पहिले आले संभाजीनगरहून. दोन तरुण, एकाच्या हातात लेझरचं मोजमाप-यंत्र. भिंतीवर लाल ठिपका पडला तसा आईने नमस्कार केला. चार दिवसांनी रंगीत चित्रांसकट बारा पानांचं कोटेशन आलं. आकडा २,४०,०००. खाली बारीक अक्षरात "कर वेगळा". अठरा टक्के म्हणजे ४३,२००. एकूण २,८३,२००. वडिलांनी संपूर्ण घर यापेक्षा कमी पैशांत बांधलं होतं. टाइल लिहिली होती २६० चौरस फूट. मी टेप घेऊन मोजलं. मोरी सात बाय पाच. चार भिंतींचा घेर चोवीस फूट, सात फूट उंचीपर्यंत १६८, दाराचे साडेसतरा वजा, जमिनीचे ३५ मिळवले, झाले साधारण १८५. तुटफुटीला दहा टक्के धरले तरी २०५. फोन केला. "सर, आम्ही छतापर्यंत धरलंय. रिच लुक येतो." मी म्हटलं, "मी आंघोळ करताना छतापर्यंत उडत नाही." पलीकडे शांतता.

दुसरे आले गावातलेच कंत्राटदार, मोटरसायकलवर. मोरीत डोकावले, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "एक बेचाळीस. टेन्शन नका घेऊ सर, सगळं त्यात आलं."

वाचकहो, "सगळं त्यात आलं" या वाक्याइतकं धोक्याचं वाक्य मराठी भाषेत नाही. "त्यात" म्हणजे कशात, हे कोणी सांगत नाही आणि "सगळं" म्हणजे काय, ते बिल येईपर्यंत कळत नाही. मी विचारलं, "जुनी फरशी काढून मलबा उचलायचा?" "तो वेगळा. गाढवंवाल्याचं असतं ते." "पाइपलाइन?" "पॉइंटपर्यंत." "पॉइंट म्हणजे?" "म्हणजे पॉइंटपासून पुढे आपलं, मागे तुमचं." "टाइल कोणती?" "अडतीस रुपये फुटाची धरलीय, पुढची आवड तुमची." "आणि वॉटरप्रूफिंग?" इथे त्यांनी माझ्याकडे, विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारल्यावर मास्तर बघतात तसं बघितलं. "खालच्या मजल्याला ते कशाला सर? खाली कोण राहतंय?"

खाली कोणी राहत नव्हतं, पण शेजारी देव राहत होते. मोरीची भिंत आणि देवघराची भिंत एकच. गेली दहा वर्षं त्या भिंतीला ओल. आम्ही दर दिवाळीला रंग काढतो आणि दर आषाढात बालाजीच्या तसबिरीमागे बुरशीचं प्रभामंडळ उगवतं. "कुठे तरी पाणी मुरतंय" हा वाक्प्रचार आम्ही राजकारणात वापरतो, पण घरात ते खरोखरच मुरत असतं तेव्हा त्यावर रंग फासतो.

तिसरा आला मिस्त्री. सायकलवर, थैलीत करणी आणि ओळंबा. "सर, वळखलं का? सातवीला तुमच्याकडंच होतो. गणितात नापास झालतो." माझा उरलासुरला आत्मविश्वास गेला. त्याने चित्रं बघितली नाहीत, टेप काढला नाही. आईकडे तांब्याभर पाणी मागितलं. तिला वाटलं, प्यायला. त्याने ते कोरड्या फरशीवर ओतलं आणि उकिडवा बसून राहिला. पाणी सावकाश दाराकडे निघालं, कोपऱ्यात थांबलं, आणि भिंतीच्या बुडाशी एका फटीत हळूच शिरलं. "बगा," तो म्हणाला, "पाणी कुटं जायलंय ते आधी बगावं लागतंय. टाईलीचं काय, ती कुटंबी बसती."

दोन कोटेशनांतल्या तेरा पानांत जे नव्हतं, ते एका तांब्यात मिळालं.

त्याचं कोटेशन तोंडी होतं. मजुरीचा दर बासष्ट रुपये फूट, प्लंबर आणि फोडाफोड निराळी, सामान मी आणायचं. सगळं धरून ९६,०००.

संध्याकाळी घरात सभा भरली. चिरंजीव म्हणाले, "दोन त्र्याऐंशी, एक बेचाळीस, शहाण्णव. मधला घेऊ. फार महागही नको, फार स्वस्तही नको." महाराष्ट्रातल्या निम्म्या भिंती या न्यायाने उभ्या आहेत, अशी माझी खात्री आहे. आणि इथे मी पस्तीस वर्षांत ज्या गोष्टीसाठी शेकडो पोरांचे कान पिळले, ती माझ्याच पोराला सांगावी लागली. अपूर्णांकांची तुलना करायची तर आधी छेद समान करावे लागतात. तीन पंचमांश मोठा की पाच अष्टमांश, हे नुसते वरचे आकडे बघून सांगणारा मुलगा नापास होतो. कोटेशनाचा एकूण आकडा हा अंश आहे. त्याच्या खाली काय दडलंय ते समान केल्याशिवाय तुलना करणारा बाप पण नापास.

मी वहीचं पान आखलं. डावीकडे कामं: फोडणं, मलबा, पाइप, वॉटरप्रूफिंग, उतार, टाइल, सांधे, नळ, दार. पुढे तीन रकाने. ज्याने जे लिहिलं नव्हतं, ते फोन करून वदवून घेतलं. दुसऱ्याच्या १,४२,००० मध्ये मलब्याचे ६,०००, वॉटरप्रूफिंगचे ९,५००, "पॉइंटच्या मागच्या" पाइपाचे ११,००० आणि बावन्न रुपयांच्या टाइलचा २०५ फुटांवर फरक २,८७० मिळवले. "सगळं त्यात आलं" ते १,७१,३७० ला आलं. पहिल्याकडेही बारा पानांत वॉटरप्रूफिंग नव्हतंच. ते आणि मलबा धरून तो तीन लाखांवर गेला. मग दोघांतून शॉवर, काच आणि पंप वजा केले. पहिला २,३४,२००, दुसरा १,४०,३७०, मिस्त्री ९६,०००. आता छेद समान झाले. दुसरा आणि तिसरा यांत चव्वेचाळीस हजारांचा फरक उरला. तो मुख्यतः धावपळीचा होता. कंत्राटदार धावतो त्याचे पैसे घेतो, मिस्त्रीच्या कामात आपण फुकट धावतो. निवृत्त माणसाच्या धावण्याला बाजारात भाव नाही, म्हणून मी मिस्त्री निवडला. ज्याला कचेरी आहे त्याने खुशाल दुसरा निवडावा. माझा वाद माणसाशी नाही, न आखलेल्या पानाशी आहे. आगाऊ पैसे पहिल्याला सत्तर टक्के हवे होते. मिस्त्रीशी मी ठरवलं, जसं काम तसे पैसे, आणि शेवटचे दहा टक्के महिनाभर आंघोळी केल्यावर.

टाइलच्या दुकानात माझी थोडी बदनामी झाली. दुकानदाराने आरशासारखी चकचकीत टाइल पुढे केली. नाव इटालियन, जन्म गुजरातेत मोरबीचा. मी चप्पल काढली, बाटलीतलं पाणी टाइलवर ओतलं आणि अनवाणी पायाने घासून बघू लागलो. दुकानदार म्हणाला, "काका, भिंतीचा लुक बघा ना!" मी म्हटलं, "माझी आई भिंतीवरून चालत नाही." शेवटी जमिनीला खरखरीत, मळकट रंगाची टाइल घेतली. आमच्या हिच्या शब्दांत, "बसस्टँडसारखी."

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी फरशीखाली चिनी मातीचा जुना पाइप निघाला, तीन ठिकाणी तडकलेला. देवांच्या ओलीचा उगम तो. तो बदलायला ९,०००, आणि भिंतीचा बुडखा पोखरला होता त्याला ७,०००. जमिनीखालचं कोटेशन कोणीच देऊ शकत नाही. मी पंधरा टक्के, म्हणजे १४,४०० रुपये, घरात न सांगता बाजूला ठेवले होते. तरी सोळाशे कमी पडले. ज्याचं अंदाजपत्रक शेवटच्या रुपयापर्यंत जुळतं, त्याने फरशी उघडूनच बघितलेली नसते.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "आता चोवीस तास पाणी कोंडून ठिवायचं. दोन इंच." मी हिशेब केला, दीडशे लिटरच्या वर. नळ येऊन पाच दिवस झालेले. आमच्या हिने ते तळं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पण मी ठाम राहिलो. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली, रात्री तीनदा उठून विजेरीने बघितलं. दुसऱ्या दिवशीही पाणी रेघेला चिकटून होतं. मग ते बादल्यांनी उपसून कुंड्यांना आणि संडासाला वापरलं. थेंब वाया गेला नाही. शॉवरला विरोध करणाऱ्या माणसाने मोरीत तळं राखावं, यातला विनोद मेहुण्याने पुण्याहून फोनवर दोनदा सांगितला.

मग उतार. पाच फुटांना एक इंच. तो कोणत्याही चित्रात दिसत नाही, त्याची जाहिरात लागत नाही, मुलीकडच्या पाहुण्यांना तो कळणार नाही. पण अख्ख्या न्हाणीघराचा जीव त्या एका इंचात असतो. भिंतीला आईच्या कमरेच्या उंचीवर स्टीलचा दांडा पक्का बसवला. बसायला प्लास्टिकचं रुंद स्टूल.

आणि हो, प्रामाणिकपणे सांगायला हवं. वर, सात फुटांवर, भिंतीतून शॉवरचा पाइप काढून त्याला बूच मारून ठेवलं आहे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पुढे पाणी रोज आलं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरांच्या आशेला बूच मारावं, पण पाइप तोडू नये.

सगळं झालं, त्या सकाळी आई पहिली आंघोळीला गेली. दांडा धरला, स्टुलावर बसली, बादलीतून तांब्या भरला. मी दाराबाहेर उभा. पाणी पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग जाळीत गळ्ळकन शिरल्याचा. मध्ये कुठे थांबलं नाही. बाहेर येऊन केस पुसत ती म्हणाली, "मोरी चांगली झाली. खर्च किती आला?"

खरा आकडा होता १,१२,०००. आईला खर्च सांगताना निम्म्याहून कमी सांगायचा, हा आमच्या घरचा जुना रिवाज. मी म्हटलं, "चाळीस हजार."

आईने कपाळाला हात लावला. मोडून बरा झालेला तोच हात.

"लुबाडलं रे तुला," ती म्हणाली.